लाल वर, काळी खाली

तिसऱ्यांदा पाय आपटून हंसाबाई थांबली आणि तिने फोन कानाला लावला.

"दिसले का?"

नागपूरहून उत्तर यायला जरासा वेळ लागे. तेवढा वेळ ती शाळेच्या त्या रिकाम्या खोलीत, फरशीवर खडूने मारलेल्या रेघेशी, न हलता उभी राही.

"दिसले, मावशी. तिन्ही दिसले," निकिताचा आवाज आला. "आणि ऐका, मी बुधवारी येते तिकडे. गुरुवारच्या भूकंपाचं तुमच्याशी बोलायचं आहे."

"अठी? तांड्यात?"

"हाव, तांड्यातच."

एरवी नीट पुस्तकातलं बोलणारी निकिता खुशीत आली की तिच्या मारेगावची बोली अशी बाहेर पडे. हंसाबाईला ते फार आवडे. फोन बंद झाल्यावरही तिने तो थोडा वेळ हातात धरून ठेवला, मग खोलीला कुलूप लावलं. बुधवारला अजून दोन दिवस होते आणि घरात तुरीचे सोले होते का, हे तिला आठवेना.

बोरदरा तांडा आर्णीपासून वीस-एकवीस किलोमीटर आत, टेकडीच्या उतरणीवर. शाळा दोन खोल्यांची. त्या शाळेत हंसाबाई राठोडने बावीस वर्षं खिचडी शिजवली. एका वेळेला अडतीस ताटं वाढली आहेत तिने. मग तांड्यातली माणसं दिवाळी झाली की ऊसतोडीला जाऊ लागली, पोरांना बरोबर नेऊ लागली, काही तिकडचीच झाली. अडतीसची नऊ झाली, नवाची चार झाली. चार पोरांसाठी शाळा कोण चालवणार? ती शेजारच्या गावच्या शाळेत मिळवून टाकली. पोरं मिळवली, पाट्या मिळवल्या, मिळवायची राहिली ती हंसाबाई. तिचा मुलगा शाम आणि सून बबिता पुण्याला, एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये. नवरा जाऊन अकरा वर्षं झालेली.

शाळा बंद झाल्यावर वर्षाने एक जीप आली. नागपूरच्या कुठल्याशा संस्थेची माणसं भूकंप मोजायच्या यंत्रासाठी जागा हुडकत होती. त्यांना अशी जागा हवी होती, जिथे मोटारी नाहीत, पिठाची गिरणी नाही, माणसांची ये-जा नाही. तांड्याचे म्हातारे नायक नेमसिंग म्हणाले, "मंग तुमी बराबर आले." तांड्याला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कशात तरी पहिला नंबर मिळाला होता, तोही कुणी नसण्यात.

यंत्र म्हणजे लोणच्याच्या बरणीएवढा एक डबा. चौथीच्या वर्गात जमीन उकरून, सिमेंटचा ओटा करून त्यावर बसवलेला. त्यातून निघालेली वायर भिंतीजवळच्या करड्या पेटीत जाई आणि तिथून सगळं हवेतल्या हवेत नागपूरला पोचे. किल्ली हंसाबाईकडे दिली. छतावरच्या सोलरच्या पाटीवरची धूळ पुसायची, पेटीवर हिरवा दिवा लुकलुकतो का ते पाहायचं आणि सोमवारी अकरा वाजता रेघेशी उभं राहून तीनदा पाय आपटायचा. नागपूरला पडद्यावर तीन उभ्या रेघा उमटल्या की यंत्र जिवंत आहे असं समजायचं.

हंसाबाई जिवंत आहे हेही त्यातच समजे. एकदा निकिता म्हणाली होती, "मावशी, काल तुम्ही दोनदा आल्या होत्या ना शाळेत? संध्याकाळी आल्या त्या बऱ्याच वेळानं गेल्या." त्या दिवशी शामने आईला फोन केला होता, याडी, याही दिवाळीला जमत नाही म्हणून. घरात बसवेना म्हणून ती शाळेत येऊन बसली होती. शामला ते ठाऊक नव्हतं. इतक्या लांबच्या त्या पोरीला तिची पावलं दिसली होती. तेव्हापासून हंसाबाई शाळेत शिरताना उगाचच जरा दणकून पाय टाकी.

आदल्या गुरुवारी सकाळी सव्वासातला भूकंप आला तेव्हा ती अंगण झाडत होती. आधी पत्रे वाजले, मग फळीवरची भांडी. पाच-सहा मोजेपर्यंत सारं थांबलंसुद्धा. जी काय दहा-बारा म्हातारी माणसं तांड्यात होती ती बाहेर येऊन एकमेकांना हाका मारू लागली. हंसाबाई शाळेकडे पळाली. हिरवा दिवा लुकलुकत होता. तिला इतकं बरं वाटलं की ती तिथेच खाली बसली.

बुधवारी निकिता आली ती एकटीच, जीपच्या ड्रायव्हरला नाल्याशी थांबवून. तीस-एकतीसची, गळ्यात ओळखपत्र, पायात कापडी बूट. नायक काठी टेकत मागोमाग आले. निकिताने आल्या आल्या पेटी पाहिली. पेटी जमिनीवर पाठ टेकून आडवी पडली होती. ज्या खुंटीवर ती टांगलेली असे ती कधीचीच वाळवीने खाल्ली होती. निकिताने लाल आणि काळी वायर जराशी ओढून पाहिली. दोन्ही घट्ट होत्या. उंदराच्या भीतीने हंसाबाईने त्यांच्याभोवती जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळली होती, तिला निकिता हसली आणि तिने वहीत काहीतरी लिहिलं.

"आता सांग बापा," नायक म्हणाले, "आमच्या खाली झालं तरी काय?"

फळा अजून भिंतीवर होता. कोनाड्यात खडूचे तुकडेही होते. निकिताने फळ्यावर एक मोठा गोल काढला.

"जमिनीखाली खडकात भेग असते, बाबाजी. दोन्ही बाजूंचे खडक वर्षानुवर्षं एकमेकांत अडकलेले असतात. ताण वाढत जातो, वाढत जातो, आणि एक दिवस ते सटकतात. जिकडे खडक सरकला, त्याच्या पुढची जमीन ढकलली जाते आणि मागची ओढली जाते."

"बैलानं गाडा वढला तसं."

"तसंच. आता आमची यंत्रं आहेत चौदा, चहूकडं. यंत्राजवळ हादरा पोचला की पहिल्या क्षणी जमीन वर उचलली गेली, तर ती ढकलली गेली. खाली बसली, तर ओढली गेली. त्याच्यानंतर सगळं हलतेच, ते या कामाचं नाही. पहिला झटका कुठल्या बाजूनं बसला, तेवढंच पाहाचं."

ती गोलात टिपके मांडू लागली. ढकलली गेलेली जमीन म्हणजे भरीव टिपका, ओढली गेलेली म्हणजे पोकळ. हंसाबाई पुढे सरकून पाहत होती. या फळ्यावर तिने बावीस वर्षं बेरजा पाहिल्या होत्या, पण हे काही निराळंच होतं.

"मंग आपल्या एका मशीनवरून कळते का हे सारं?" तिने विचारलं.

"नाही ना, मावशी. एकट्या यंत्रावरून काहीच कळत नाही. चारी बाजूंच्यांचं ऐकावं लागते, तवा कुठं कळते." निकिताने गोलात दोन रेषा मारून त्याचे भाकरीसारखे चार चतकोर केले. "असं निघालं, समोरासमोरचे दोन चतकोर भरीव आणि दोन पोकळ, तर दोन खडक एकमेकांना घासून आडवे सरकले. मधोमध भरीव आले असते तर एक खडक दुसऱ्यावर चढला असता. मधोमध पोकळ आले तर एक खाली खचला."

"आन् आपलं कोनतं?"

निकिता थांबली. तिच्या चेहऱ्यावर परीक्षेत पहिली आलेल्या पोरीचा आनंद होता. तिने एका भरीव चतकोराच्या आत एकुलता एक पोकळ टिपका काढला.

"हा तुमचा. आजूबाजूचे सारे म्हणतात जमीन वर उचलली. एकटं बोरदरा म्हणते, खाली गेली. तुमचा टिपका खरा धरला तर या दोन्ही रेषा सरकवाव्या लागतात, आणि मग आडवं सरकणं निघत नाही, खचणं निघते. आमच्या सरांना वाटते, अठी खाली एखादी वेगळी भेग असावी, कोणाला माहीत नसलेली. तसं असलं तर अठी मोठं यंत्र बसवणार. कायमचं."

"कायमचं म्हंजे?" हंसाबाईने विचारलं.

"म्हणजे दहा वर्षं, वीस वर्षं. बाकीची यंत्रं या महिन्यात उचलणार आहेत, त्यांची मुदत संपली."

"आन् आमचा टिपका खरा नसला तं?"

"तर हेही उचलणार, मावशी. पण वायरी तर घट्ट आहेत, दिवा चालू आहे. कशी चूक होईन?"

नायक खूश झाले. मोठं यंत्र म्हणजे मोठी गाडी आणि मोठी गाडी म्हणजे रस्ता, असा हिशेब त्यांनी तिथल्या तिथे जुळवला आणि पोरांना फोनवर सांगायला ते घराकडे निघाले. "मी वर जाऊन येतो," ते दारातून म्हणाले.

ते शब्द हंसाबाईच्या कानावर पडले आणि ती फळ्याकडून पेटीकडे वळली.

"पोरी," ती हळूच म्हणाली, "तू आता वर म्हनली, थे वर कोनीकडे?"

निकिताने हसून छताकडे बोट केलं. "वर म्हणजे वर, मावशी. आभाळाकडे."

बोरदऱ्यात वर म्हणजे आभाळ नव्हे. वर म्हणजे टेकडी. नायकाचं घर वर, नाला खाली. पंगतीत बसलेली बाई शेजारणीला 'थोडी वर सरक' म्हणते तेव्हा ती टेकडीच्या बाजूला सरकते. तांड्यातलं तान्हं पोर चालायला लागायच्या आत हे शिकतं.

मागच्या पावसाळ्यात उंदराने वायर तोडली होती. नाल्याला पूर होता, जीप येऊ शकत नव्हती, आणि हंसाबाईचा फोन बटणांचा, त्यात फोटो निघत नाही. मग निकितानेच फोनवर सांगितलं होतं. तोडलेली टोकं सोला, पेटीला दोन स्क्रू आहेत त्यांत घाला, लाल वर, काळी खाली. नागपूरच्या टेबलावर निकितासमोर तशीच दुसरी पेटी उभी असणार. इथली मात्र तेव्हाही आडवी पडली होती आणि तिचे दोन्ही स्क्रू एकाशेजारी एक होते, एक टेकडीकडे, एक नाल्याकडे. हंसाबाईने क्षणभरही विचार केला नव्हता. लाल टेकडीकडे लावली, काळी नाल्याकडे. हिरवा दिवा लागला तेव्हा दोघींनी फोनवर एकमेकींचं कौतुक केलं होतं.

"काय झालं, मावशी?"

"काई नाई. जेवाले चाल. सोले केले हायेत."

निकिता चुलीपुढे मांडी घालून बसली. तुरीच्या सोल्यांची भाजी आणि गरम भाकर पाहून तिचं सगळं शास्त्र गळालं आणि ती मारेगावची पोर होऊन जेवू लागली. दोन वर्षांत हंसाबाईच्या चुलीपुढे कोणी जेवलं नव्हतं. स्वतःपुरती भाकर थापायला पीठ किती घ्यावं हे तिला अजूनही नेमकं जमत नसे. बावीस वर्षं पातेल्याने शिजवलेल्या बाईचा हात, नेहमी एक भाकर जास्तीची होई.

"मोठं यंत्र बसलं की मी दर महिन्याला येईन पाहा," निकिता म्हणाली. "दर महिन्याला सोले खाऊ घालाचे."

"सोले काय बारा महिने राह्यतात?"

"मग जे असन ते."

हंसाबाई तव्यावरच्या भाकरीकडे पाहत राहिली. न बोलण्यात कसलं पाप होतं? तिने काही मुद्दाम केलं नव्हतं. भूकंप येऊन गेला, कोणाचं काही पडलं नाही. खडक घसरला काय आणि खचला काय, तांड्यातल्या बारा म्हाताऱ्यांना काय फरक पडणार होता? आणि कळणार तरी कोणाला? तिला हे यंत्र हवं होतं. दर सोमवार हवा होता. आपण आलो-गेलो हे जगात कोणाला तरी दिसावं, एवढंच तिला हवं होतं, आणि त्यासाठी तिला नुसतं गप्प बसायचं होतं. गप्प बसायची तर तिला चांगलीच सवय झाली होती.

तिने भाकर मोडून निकिताच्या ताटात चतकोर वाढली.

"बस झालं," निकिता म्हणाली. "चार वाजता सरांना फोन कराचा आहे. ते विचारतीनच, तू स्वतः पाहिलं का म्हणून. मी सांगणार, स्वतः पाहिलं, यंत्र बरोबर आहे. माझ्या नावानं जाणार हे सारं."

हंसाबाईचा हात ताटावरच थांबला. शाळेत खिचडी वाढण्याआधी गुरुजी एक घास खात आणि वहीत सही करत. पण गुरुजींच्याही आधी ती स्वतः खाऊन पाही. माझ्या हातचं चुकलं तर सही करणाऱ्या माणसाला बोल लागेल, अशी तिची भीती. बावीस वर्षांत एकदाही तसा बोल लागला नव्हता.

"पोरी," ती म्हणाली, "तू मले फोनवर काय सांगतलं होतं? मांगच्या पावसाळ्यात. वायरीचं."

"लाल वर, काळी खाली."

"आमचं वर येगळं हाय." तिने हात पुसला आणि दारातून टेकडीकडे बोट केलं. "आमचं वर तिकडं हाय. म्या लाल तिकडं लावली."

निकिताला समजायला थोडा वेळ लागला. मग ती हात न धुताच उठली.

शाळेत तिने चिंधी सोडली, पेटी उचलून उभी केली आणि वरच्या स्क्रूपाशी अंगठ्याने माती पुसली. तिथे अधिक चिन्हाची बारीक खूण होती. त्या स्क्रूत काळी वायर होती. निकिता भिंतीला टेकून खाली बसली. रागावेल असं हंसाबाईला वाटलं होतं, पण तिने लॅपटॉप काढला आणि बराच वेळ काहीतरी पाहत राहिली.

"मावशी, हे पाहा. हे तुमचे सोमवारचे तीन पाय." पडद्यावर तीन उभ्या रेघा होत्या. "पाय आपटला की फरशी आधी खाली दबते. म्हणजे रेघ आधी खाली जायला पाहिजे. ही आधी वर गेली आहे. दर सोमवारी गेली आहे. तुम्ही सहा महिने मला सांगत होत्या आणि मी फक्त मोजत होती. तीन झाले का, झाले. बस."

"तुई काय चुकी त्यात?"

"चूक माझीच आहे. वर म्हणायच्या आधी मी विचारायला पाहिजे होतं, तुमचं वर कोणतं." तिने डोळे पुसले आणि हसत उठून खडूचा तुकडा हंसाबाईच्या हातात दिला. "घ्या. तुमचा टिपका तुम्हीच भरा."

हंसाबाईने त्या फळ्याला कधी हात लावला नव्हता, पुसायलासुद्धा. तिने हळूहळू पोकळ टिपका खडूने भरला. टिपका बाकीच्यांपेक्षा जरा मोठाच झाला.

"आता साऱ्याइचं एक झालं?"

"एक झालं. दोन खडक एकमेकांना घासून गेले. कोणी चढलं नाही, कोणी खचलं नाही. स्वच्छ उत्तर आलं, मावशी." मग तिला एकदम दुसरी गोष्ट आठवली असावी. तिने पेटीकडे पाहिलं, मग हंसाबाईकडे.

"म्हाईत हाय मले," हंसाबाई म्हणाली. "तू फोन लाव. चार वाजत आले."

नायकांना संध्याकाळी कळलं. "तुले कोनं इचारलं होतं?" ते म्हणाले. "गप राह्यली असती तं काय बिघडलं असतं? रस्ता झाला असता." दुसऱ्या दिवशी हंसाबाईने उरलेले सोले त्यांच्या घरी पोचते केले.

पंधरा दिवसांनी दोन माणसं येऊन यंत्र घेऊन गेली. सिमेंटचा ओटा तेवढा राहिला. निकिता आली नव्हती, तिने फोन केला. त्यानंतरच्या सोमवारीही अकराला केला, "मावशी, बऱ्या आहात ना?" म्हणून. त्याच्या पुढच्या सोमवारी दुपारी केला, घाईत. तिसऱ्या सोमवारी ती दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यात यंत्रं बसवायला गेली होती, तिकडे नेटवर्क नसावं. हंसाबाईला तिचा राग आला नाही. तिला फक्त फार एकटं वाटलं, आधी वाटायचं त्यापेक्षाही जास्त.

चौथ्या सोमवारी नायकांनी निरोप पाठवला, की आता खोलीची किल्ली माझ्याकडे आणून दे, ग्रामपंचायतीचा माणूस मागतो आहे.

हंसाबाई अकराच्या सुमारास शाळेत गेली. खोली झाडली, ओट्याभोवतीची माती भरून सारखी केली. फळा तिने पुसला नाही. गोल तसाच होता, त्यातले टिपके तसेच होते, आणि त्यांच्यात तिचा तो मोठा झालेला टिपका दुरूनही ओळखू येत होता. फरशीवरची रेघ पुसट झाली होती. ती रेघेशी जाऊन उभी राहिली आणि तिने पाय आपटला. एकदा, दोनदा, तीनदा. कोनाड्यातून खडूची थोडी भुकटी खाली पडली.

मग नागपूरहून उत्तर यायला जेवढा वेळ लागत असे तेवढा वेळ ती न हलता थांबली.

"दिसले," ती स्वतःशीच म्हणाली. तिने दार ओढून कुलूप लावलं आणि किल्ली द्यायला वर निघाली.